ह्वे नगरीसाठी दोन दिवस

प्रवासाची योजना म्हणजे गाड्यांचे वेळापत्रक आणि पाहावयाच्या स्थळांची यादी, अशी माझी परवापरवापर्यंत समजूत होती. ती समजूत दूर झाली ती माझ्या मामांमुळे. मामा आणि मामी व्हिएतनामला जावयाचे ठरवीत होते. प्रवासी कंपनीने दिलेल्या कार्यक्रमात ह्वे या शहरासाठी जेमतेम अर्धा दिवस होता. मामांना तो मान्य नव्हता. "ह्वेमध्ये मी दोन दिवस राहणार. तू इतिहासाचा विद्यार्थी ना? मग आखून दे," असे त्यांनी मला फर्मावले.

मी उत्साहाने कामाला लागलो आणि चार दिवसांत चौदा स्थळांची यादी त्यांच्यापुढे ठेवली. मामांनी चष्मा वर सरकवून ती वाचली व म्हणाले, "अरे, ही तर बाजाराची यादी झाली. काय आधी पाहायचं, काय मागून, काय सोडून द्यायचं आणि का, ते सांग."

त्या 'का'चे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते येथे मांडीत आहे. विद्यार्थिमित्रांपैकी कोणी पुढेमागे तिकडे गेलेच, तर उपयोगी पडेल. न गेले तरी एखादे शहर कसे वाचावे याचा थोडा विचार होईल.

प्रथम शहराची ओळख. ह्वे हे मध्य व्हिएतनाममध्ये सोंग हुओंग, म्हणजे सुगंध नदीच्या काठी वसले आहे. १८०२ साली न्गुयेन घराण्यातील जा लाँग याने देश एका छत्राखाली आणला आणि ह्वे ही राजधानी केली. १९४५ पर्यंत या घराण्याचे तेरा सम्राट येथे होऊन गेले. त्याही आधी हा सारा मुलूख चंपा राज्यातील चाम लोकांचा होता. संस्कृत शिलालेख कोरणारे आणि शिवाची मंदिरे उभारणारे हे लोक. १३०६ साली चाम राजाने व्हिएतनामी राजकन्येशी विवाह केला व त्या बदल्यात हा प्रदेश व्हिएतनामी राजाला दिला. भारतीय संस्कृतीचा तो धागा पाहावयाचा तर मी सोन येथील मंदिरांकडे जावयास हवे. पण ती दक्षिणेस, हाय वान घाटाच्या पलीकडे आहेत. त्यांच्यासाठी निराळा दिवस हवा. माझ्या यादीतून पहिले नाव खोडले गेले ते हे.

ह्वेमध्ये मुख्यतः तीन गोष्टी आहेत: नदीच्या उत्तर तीरावरचा राजकोट, नदीकाठचे मठ व देवळे, आणि दक्षिणेकडच्या टेकड्यांत विखुरलेल्या सम्राटांच्या समाध्या. १९९३ साली युनेस्कोने या साऱ्या वास्तुसमूहाला जागतिक वारशाचा दर्जा दिला. व्हिएतनाममधील असा मान मिळालेले हे पहिलेच स्थळ.

राजकोटासाठी मी पहिली सबंध सकाळ राखून ठेवली. गड म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सह्याद्रीचा कडा येतो. हा मात्र भुईकोट आहे. एकात एक अशी तीन आवारे: बाहेर सुमारे दहा किलोमीटर घेराचा तट व खंदक, आत राजनगर, आणि त्याच्याही आत सम्राटाच्या खाजगी निवासाची 'निषिद्ध जांभळी नगरी'. बाहेरच्या तटाचे कोनदार बुरूज फ्रेंच दुर्गरचनाकार व्होबां याच्या पद्धतीचे आहेत, तर आतील मांडणी चिनी राजधानीच्या धर्तीची. युरोपातील युद्धशास्त्र आणि पूर्वेकडील दिशाशास्त्र यांची अशी सांगड या कोटात घातलेली आहे.

चालण्याचा क्रमही ठरविला. ध्वजबुरुजापासून सुरुवात, मग न्गो मोन हा मुख्य दरवाजा. याला पाच वाटा असून मधली केवळ सम्राटाची. याच दरवाज्यावरील सज्जातून ३० ऑगस्ट १९४५ रोजी शेवटचा सम्राट बाओ दाई याने सिंहासन सोडले आणि आपली मुद्रा व तलवार नव्या सरकारच्या प्रतिनिधींच्या स्वाधीन केली. दरवाज्यातून आत गेले की थाय होआ, म्हणजे सिंहासनाचा महाल लागतो. लाल-सोनेरी खांबांच्या या वास्तूचे मोठे जीर्णोद्धाराचे काम २०२४ साली पुरे झाले.

इतके पाहिले की बहुतेक प्रवासी परत फिरतात. मामांच्या कार्यक्रमात मी येथून पुढे जावयास सांगितले आहे, कारण सिंहासनाच्या महालामागे बराच भाग मोकळा आहे. येथे निषिद्ध नगरीतील महाल होते. १९४७ च्या फेब्रुवारीत, फ्रेंच सैन्य परतले त्या धुमश्चक्रीत, ते जळून गेले. उरल्यासुरल्यावर १९६८ चा घाव बसला. त्या वर्षी ३१ जानेवारीला, व्हिएतनामी नववर्षाच्या सणात, उत्तरेकडील सैन्य व त्यांचे दक्षिणेतील साथीदार यांनी शहर ताब्यात घेतले. ते परत मिळविण्यासाठी अमेरिकन व दक्षिण व्हिएतनामी सैन्य जवळजवळ महिनाभर लढत होते. घरोघर लढाई झाली, कोटावर तोफा व बाँब पडले. हजारो नागरिक मेले. काही भडिमारात, तर काहींना शहर ताब्यात असताना पकडून ठार मारण्यात आले आणि त्यांच्या सामूहिक कबरी नंतर सापडल्या. कोटातील शेदीडशे वास्तूंपैकी मोजक्याच धडपणे उभ्या राहिल्या.

त्या मोकळ्या जागेच्या टोकाशी किएन चुंग हा झगझगीत महाल दिसतो. मूळ महाल १९२० च्या दशकातला. तो नष्ट झाला होता आणि नव्याने बांधून २०२४ साली लोकांना खुला झाला. तो पाहताना आपण जुनी वास्तू नव्हे, तर तिची नवी प्रतिकृती पाहत आहोत, हे ध्यानात असावे. शेजारचे रिकामे जोते मात्र अस्सल आहे.

कोटातून बाहेर पडण्यापूर्वी दोन गोष्टी. पूर्वजांच्या मंदिरापुढे काशाचे नऊ प्रचंड कुंभ आहेत. मिन्ह मांग या सम्राटाने ते १८३५ ते १८३७ या काळात ओतवून घेतले. त्यांच्यावर देशातील नद्या, डोंगर, झाडे, प्राणी, नावा यांची १६२ चित्रे उठविलेली आहेत. जणू धातूत ओतलेला भूगोलाचा ग्रंथच! दुसरी गोष्ट म्हणजे न्हा न्हाक हे दरबारी संगीत. २००३ साली युनेस्कोने त्याचा गौरव केला. १८२६ साली बांधलेल्या राजनाट्यगृहात प्रवाशांसाठी त्याचा छोटा प्रयोग होतो. ज्या दरबारासाठी हे संगीत जन्मले तो गेला, पण वादक राहिले, याचे मला फार अप्रूप वाटले.

दुसरा दिवस नदीचा. सकाळी नावेने थिएन मू मठाकडे जावे. १६०१ साली न्गुयेन होआंग याने त्याची स्थापना केली. पुढचा सात मजली अष्टकोनी मनोरा १८४४ चा, सुमारे एकवीस मीटर उंच. मठाच्या मागच्या बाजूला एक जुनी ऑस्टिन मोटार ठेवलेली आहे. ११ जून १९६३ रोजी थिक क्वांग डुक हे भिक्षू याच मोटारीतून सायगावच्या एका चौकात गेले आणि बौद्धांवरील सरकारी जुलमाच्या निषेधार्थ त्यांनी आत्मदहन केले. मनोऱ्याचे छायाचित्र काढून परतणाऱ्यांची ही मोटार पाहावयाची राहून जाते.

आता समाध्या. तीन प्रसिद्ध आहेत. मिन्ह मांगची समाधी अत्यंत रेखीव व प्रमाणबद्ध, पण सर्वांत दूर. खाई दिन्हची समाधी १९२० ते १९३१ या काळात बांधलेली, सिमेंटची, आत चिनीमातीच्या व काचेच्या तुकड्यांची थक्क करणारी सजावट. तीनही एका दिवसात उरकता येतात, पण मग प्रत्येक ठिकाणी घड्याळच पाहत बसावे लागेल. शिवाय खाई दिन्हच्या समाधीला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत आणि मामींचे गुडघे दुखतात. मी एकच निवडली, तू डुक याची.

तू डुकने १८४७ ते १८८३ राज्य केले. त्याच्याच काळात दक्षिणेकडील प्रांत फ्रेंचांच्या घशात गेले. तो कवी होता. शंभरावर राण्या असून त्याला मूल नव्हते. आपली समाधी त्याने हयातीतच, १८६४ ते १८६७ या काळात बांधवून घेतली आणि तळ्याकाठच्या त्या मंडपांत तो काव्यरचना करीत राही. सम्राटाचा गौरवलेख त्याच्या पुत्राने लिहावा, अशी तेथील रीत. पुत्र नसल्याने याने तो स्वतःच लिहिला आणि त्यात आपल्या चुकांची कबुली दिली. हा लेख कोरलेली शिला सुमारे वीस टन वजनाची आहे. परंतु हे रम्य उद्यान वेठबिगारीतून उभे राहिले. छळाला कंटाळून मजुरांनी १८६६ साली बंड केले व ते मोडून काढण्यात आले. तेथे बसलेल्या माणसाला कवी आणि वेठबिगार या दोघांचीही आठवण व्हावी, म्हणून ही समाधी.

दुपारनंतर दक्षिण तीरावर पायी फिरावे. १८९९ चा चुओंग तिएन पूल आणि १८९६ साली स्थापन झालेली क्वोक हॉक शाळा तेथे आहे. हो चि मिन्ह यांनी काही काळ याच शाळेत शिक्षण घेतले.

आता व्यवहाराच्या चार गोष्टी. ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेथे धो धो पाऊस पडतो व नदीला पूर येतात. जून-जुलैत उन्हाने जीव नकोसा होतो. फेब्रुवारीअखेर ते एप्रिल हा काळ बरा. नववर्षाचा सण चांद्र पंचांगाप्रमाणे जानेवारी-फेब्रुवारीत येतो, तेव्हा पुष्कळ दुकाने बंद असतात. दा नांगहून आगगाडीने यावे व उजव्या बाजूची खिडकी धरावी, म्हणजे हाय वान घाटात समुद्र दिसत राहतो. भारतीयांना व्हिसासाठी घरबसल्या अर्ज करता येतो. जेवणात 'बून बो' म्हणजे गोमांसाच्या रश्श्यातील शेवया, तेव्हा विचारून घ्यावे. मामी शाकाहारी आहेत, त्यांच्यासाठी मी 'चाय' हा शब्द मोठ्या अक्षरांत लिहून दिला. त्याचा चहाशी संबंध नाही, त्याचा अर्थ शाकाहारी. बौद्ध परंपरेमुळे ह्वेमध्ये असे जेवण चांगले मिळते. चांद्र महिन्याच्या पहिल्या व पंधराव्या दिवशी तर पुष्कळ लोक तेच खातात. एरवी साध्या भाजीतही आंबवलेल्या माशांचे पाणी असू शकते.

चौदाची यादी अशी निम्म्यावर आली. मामांनी ती वाचली आणि पहिल्या सकाळीपाशी थांबले. "या मोकळ्या जागेला किती वेळ ठेवलास?" "पंधरा मिनिटे," मी म्हणालो. "एक तास कर," ते म्हणाले.

मग त्यांनी सांगितले ते मला ठाऊक नव्हते. १९६८ साली ते सहावीत होते. त्यांच्या आजोबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू होता. म्हणून रोज संध्याकाळी वर्तमानपत्र वाचून दाखविण्याचे काम यांच्याकडे होते. त्या फेब्रुवारीत रोजच्या बातमीत एका शहराचे नाव येई. मामा ते 'ह्यू' असे वाचीत. एके दिवशी आजोबांनी विचारले, "तिथली पोरं शाळेत जात असतील का रे?" मामांना उत्तर देता आले नाही. काही दिवसांनी ती बातमी येणे बंद झाले आणि प्रश्न तसाच राहिला.

अर्ध्या दिवसाचा कार्यक्रम त्यांना का मान्य नव्हता, ते मला तेव्हा उमगले. मी पंधरा मिनिटे खोडून एक तास लिहिला. दुसऱ्या दिवशीच्या शाळेपुढेही थोडा वेळ वाढविला आणि ती सुटण्याच्या सुमारास तेथे पोहोचता येईल, अशी वेळ धरली.