जिथे समास सुटले

सरस्वतीचा मुलगा रुसून घरातून निघाला. ब्रह्मदेवाच्या सभेत ऋषी आणि देव यांच्यात वाद जुंपला होता, तो मिटवायला आईला बोलावणं आलं. मुलगाही मागे लागला, पण आईने त्याला परत पाठवलं. या मुलाचं नाव काव्यपुरुष. तो तडक चालू लागला, तसा त्याचा मित्र कार्तिकेय रडायला लागला. मग गौरीने विचार केला की जाणाऱ्याला बांधून ठेवायला प्रेमासारखी दुसरी दोरी नाही. तिने एक तरुणी घडवली, तिचं नाव ठेवलं साहित्यविद्या, आणि तिला त्याच्या मागे धाडलं.

ही गोष्ट राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त सांगितली आहे. इसवी सनाच्या नवव्या-दहाव्या शतकातला हा कवी कनोजच्या दरबारात होता, पण घराणं महाराष्ट्राचं. ग्रंथ छापून आला तो १९१६ साली, बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेचा पहिला क्रमांक म्हणून.

पुढचा प्रवास मजेदार आहे. दोघं आधी पूर्वेकडे जातात. ती नटते, नाचते, गाते, तो ढिम्म. बोलतो तेही लांबच लांब समासांत. त्या बोलण्याला पुढे ‘गौडी’ रीती म्हणाले. पांचालात तो जरासा विरघळतो, समासही जरा आखूड होतात. अखेर दोघं दक्षिणेत येतात. इथे ती नृत्य, गीत आणि वाद्य यांचा असा काही विलास उभा करते की हा गडी पुरता तिचा होतो. आणि मग त्याच्या तोंडून जे शब्द येतात त्यांत समासच नसतात. साधे, सुटे, कानाला गोड. ही ‘वैदर्भी’ रीती.

लग्न कुठे लागलं, तर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात. राजशेखर त्या गावाला मदनाचं क्रीडास्थान म्हणतो. लग्न गांधर्व पद्धतीचं; गांधर्व या शब्दाचा दुसरा अर्थ संगीत, हा योगायोगही छान जमला आहे.

वत्सगुल्म म्हणजे आजचं वाशिम. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळ्या झालेल्या जिल्ह्याचं ठिकाण, आणि दीड हजार वर्षांपूर्वी वाकाटक राजांच्या एका शाखेची राजधानी. या शाखेची नीट ओळख पटली ती १९३९ साली सापडलेल्या, दुसऱ्या विंध्यशक्तीच्या वाशिम ताम्रपटामुळे. शाखेचा मूळपुरुष सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचं ‘हरिविजय’ हे महाराष्ट्री प्राकृतातलं काव्य हरवलं. इतरांनी उदाहरणादाखल उचललेल्या काही गाथा तेवढ्या उरल्या. याच शाखेतल्या हरिषेणाच्या काळात अजिंठ्याची कित्येक लेणी घडली. तिथल्या १ क्रमांकाच्या लेण्यात महाजनक जातकाचं चित्र आहे. मधोमध नर्तकी, भोवती बासरी आणि तालवाद्यं वाजवणाऱ्या बायका. राजशेखराची साहित्यविद्या डोळ्यांपुढे आणायची तर हे चित्र आठवावं.

गोष्ट पुराणातल्यासारखी असली तरी तिच्यातलं निरीक्षण कारागिराचं आहे. संगीत काळजाला भिडलं की शब्दांची गाठ सुटते, असं राजशेखर सुचवतो. करून बघायला हरकत नाही. ‘मेघगर्जनाकंपितगिरिशिखर’ हा शब्द मोठ्याने म्हणा. श्वास संपतो, डोंगर काही हलत नाही. ‘ढग गडगडला, डोंगर हलला’ म्हणा. ताल आपोआप धरला जातो.

संगीताने सुटणारी ही गाठ मराठी कवितेतही दिसते. वाद्य ऐकण्यावरची सर्वांत नावाजलेली कविता केशवसुतांची, ‘सतारीचे बोल’. सतारीवर नखीचा आघात आत ओढून केला की ‘दा’, बाहेर केला की ‘रा’, दोन्ही झटपट जोडले की ‘दिर’. शिकणारा हे तोंडपाठ करूनच बोटं चालवतो. केशवसुतांनी असे निरर्थक बोलच ध्रुवपदात बसवले. काळोखी रात्र आहे, मनात खंत घेऊन एक माणूस रस्त्याने भटकतोय, वरचे तारेही त्याला दिसत नाहीत. एका खिडकीतून सूर येतात. आधी त्याचा संताप होतो, मूठ वळते. मग रडू येतं. मग तो डोळे पुसून वर बघतो तर नक्षत्रं लुकलुकतायत. शेवटी शांतपणे घरी जाऊन झोपतो. सगळं स्थित्यंतर एका वादनाच्या अवधीत. वाजवणारा कोण, हे कवितेत कुठेच कळत नाही, आणि कवीलाही ते विचारावंसं वाटत नाही.

वाशिमच्या शेजारी, बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकरला वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांड्यांनी (१९०९–२०००) तर वाद्यही सोडून दिलं. त्यांच्या ‘शीळ’मध्ये आहे ती नुसती ओठांची शीळ, रानभर जाणारी, आणि ती ऐकून जीव खालीवर झालेली बाई. खामगावचे जी. एन. जोशी ही कविता गाऊ लागले, १९३० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत तिची ध्वनिमुद्रिका निघाली, आणि मराठी भावगीताचा आरंभ बहुतेक जण तिथूनच मोजतात. देशपांड्यांना पुढे ‘खूणगाठी’साठी १९८६चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, पण लोकांच्या तोंडी राहिली ती ‘शीळ’च. तिच्यात जोडाक्षरंही शोधावी लागतात.

या दोन्ही कविता ऐकणाऱ्याच्या. वाजवणारा खिडकीआड किंवा रानाआड. वाजवणाऱ्याच्या बाजूचं गाणं ऐकायचं तर वाशिम जिल्ह्यातल्याच मानोरा तालुक्यात जावं लागतं. तिथलं पोहरादेवी ही बंजारा समाजाची काशी. संत सेवालाल महाराजांची समाधी तिथे आहे, रामनवमीला देशभरातून माणूस लोटतो. समाजाचं मानाचं वाद्य नंगारा: भांड्यावर ताणलेलं कातडं आणि दोन टिपऱ्या. ५ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते इथे उघडलेल्या बंजारा विरासत संग्रहालयाची चार मजली इमारतही नंगाऱ्याच्याच आकाराची. वाद्याच्या पोटात शिरून इतिहास बघायचा, ही कल्पना एखाद्या कवीला सुचली असती तरी शोभली असती.

पण संग्रहालयापेक्षा तांड्यावरची होळी बघावी. होळीला म्हणतात ती गाणी म्हणजे लेंगी. ती बंजारांच्या गोरबोलीतली, आणि या बोलीला स्वतःची लिपी नाही. कागदावर आली तर इथे देवनागरीत येते. गाणारे, नाचणारे, डफ वाजवणारे एकाच रिंगणात. एका बाजूने चिमटा काढणारी ओळ जाते, दुसरी बाजू तालावरच उत्तर देते. शब्द अडले तर डफ तेवढी जागा भरून काढतो. रात्र वाढते, हवा ओलसर होते, कातडं सैल पडून आवाज बसतो. मग डफवाला रिंगणातून बाहेर पडतो, डफ आगीसमोर धरून फिरवत शेकतो, बोटाने एकदा टिचकी मारून बघतो. तोवर बायकांनी पुढची ओळ जुळवून ठेवलेली असते.