गंज जाऊ द्या, पाणी राहू द्या

आजचा विषय साधा वाटेल असा आहे. भंगाराच्या दुकानात किंवा आठवडे बाजारात मिळालेलं जुनं, गंजलेलं हत्यार पुन्हा कामाचं कसं करायचं? पटाशी, रंधा, वाकस, कुऱ्हाड, पाना, काहीही घ्या. माझं म्हणणं एका वाक्यात सांगतो: गंज वरून लागलेला असतो, तो काढता येतो, पण हत्याराचं ‘पाणी’ गेलं, तर ते ओळखीच्या लोहाराशिवाय परत येत नाही. आणि बहुतेक हत्यारांचं पाणी गंजानं नाही, आपल्या घाईनं जातं.

आधी आपल्या भागात ही हत्यारं येतात कुठून, ते बघू. 1860च्या दशकात खानदेशातून रेल्वे गेली, भुसावळ मोठं जंक्शन झालं. पुढे जळगाव, धुळे, अमळनेर भागात जिनिंग-प्रेसिंग आणि कापडगिरण्या आल्या. जिथे यंत्रं, तिथे फिटर आणि सुतार, आणि त्यांच्या पेटीत विलायती हत्यारं. जुन्या पटाशीवर कधीकधी ‘शेफील्ड’ आणि ‘कास्ट स्टील’ असे शिक्के दिसतात. ‘कास्ट’ वाचून लोक ते बिडाचं समजतात आणि टाकून देतात. तसं नाही. ते मुशीत वितळवून केलेलं पोलाद. इंग्लंडमध्ये शेफील्डला बेंजामिन हंट्समननं 1740च्या दशकात ही रीत बसवली. असा शिक्का दिसला तर वस्तू खाली ठेवू नका.

दुसरा प्रकार आपल्या लोहाराच्या हातचा. धुळ्यात मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात, म्हणजे ट्रक आले, गॅरेजं आली. ट्रकच्या कमानीचे तुटलेले पाटे ऐरणीवर जातात आणि त्यांचे कोयते, विळे होतात. शिक्का नसतो, पण पोलाद चांगलं असतं.

आता घेताना काय बघायचं? गंजाचा रंग बघू नका, खोली बघा. वरचा तांबूस थर निघतो. पण धारेजवळ खड्डे पडले असतील, तर धार लावताना ते पुन्हापुन्हा आडवे येतात. हातोडा किंवा बिडाचा रंधा असेल तर तडा शोधा. तडा असेल तर सोडून द्या. छिन्नीचं डोकं ठोकून ठोकून फुलासारखं पसरलं असेल, तर ती कड घासून काढल्याशिवाय वापरू नका. तिचा तुकडा उडून डोळ्यात जातो. आणि एक छोटी चाचणी: धारेवर हळूच कानस फिरवा. कानस घसरली तर पाणी शाबूत आहे. लोण्यासारखी लागली तर पाणी उतरलंय.

साफसफाई सोपी आहे. आधी रॉकेल आणि तारेचा ब्रश. उरलेला गंज असेल तर साधं व्हिनेगर. त्यात वस्तू बुडवून ठेवा. दर काही तासांनी काढून बघा, कारण गंज संपला की आम्ल पोलादच खायला लागतं. बाहेर काढल्यावर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुवा, लगेच कोरडं करा, उन्हात ठेवा आणि मशिनचं तेल लावा. तेल लावायला उशीर केला तर थोड्या वेळात पुन्हा तांबूस छटा येते. खाण्याचं तेल लावू नका, ते चिकट होतं. रावेर-यावलकडे केळीवर वापरलेल्या कोयत्यांवर काळे डाग दिसतात. तो गंज नाही. चिकातलं टॅनिन लोखंडाला लागून तो काळा थर होतो. तो राहू द्या, फक्त धार उघडी करा.

खरी चूक पुढे होते. लोक हत्यार ग्राइंडरवर धरतात, चकचकीत होईपर्यंत. जुन्या साध्या पोलादाला 300 अंशांच्या आसपास उष्णता लागली की निळा रंग चढतो. पटाशीच्या धारेवर निळं दिसलं, की तेवढं पाणी गेलं समजा. म्हणून हत्यार दगडावर हातानं घासा. ग्राइंडर लागलाच तर क्षणभर टेकवा आणि पाण्यात बुडवा. हाताला चटका बसतोय म्हणजे थांबा. निळा झालेला भाग थोडाच असेल तर तेवढा घासून काढा, मागचं पोलाद अजून चांगलं असतं.

दांडा मोडला असेल तर बाभळीचा बसवा. कठीण आणि चिवट लाकूड आहे, शिवाय इथे मिळतं.

एक प्रश्न आलाय: भट्टीत घालून गंज जाळला तर? जळेल, पण वस्तू लाल झाली की पाणीही गेलं. मग लोहाराला ते पुन्हा द्यावं लागेल. लाल तापवायचं, इतकं की लोहचुंबक चिकटेनासं होईल, मग बुडवायचं आणि पुन्हा मंद तापवून ठिसूळपणा काढायचा. हे ज्याला जमतं असा माणूस तुमच्या गावात असेल, तर त्याच्याकडे एकदा बसून बघा. दुकानात नवीन पटाशी मिळेल, पण हे ज्ञान तिथे मिळत नाही.