सोळाशेत एक जोडपं

१ ऑक्टोबर २०२४ रोजी ऑस्ट्रेलियाच्या सरकारनं भारतीय तरुणांसाठी एक सोडत उघडली. जागा १,०००. पहिल्या दोन आठवड्यांतच अर्ज आले सुमारे ४०,०००. अर्जाची फी २५ ऑस्ट्रेलियन डॉलर. म्हणजे चाळीस हजार जणांनी मिळून १० लाख डॉलर भरले. डॉलर ५५ रुपयांचा धरला, आणि पुढंही हाच भाव धरू, तर झाले साडेपाच कोटी रुपये. तेही व्हिसासाठी नव्हे, चिठ्ठी टाकण्यासाठी. नंबर लागला की व्हिसाचे तेव्हाचे साडेसहाशे डॉलर वेगळे.

सोडत होती ‘वर्क अँड हॉलिडे’ व्हिसाची. वय १८ ते ३०, बारावीनंतर किमान दोन वर्षांचं शिक्षण, कामापुरतं इंग्रजी आणि खात्यात ५,००० डॉलर असले की वर्षभर ऑस्ट्रेलियात फिरायचं, आणि फिरण्याचा खर्च निघावा म्हणून वाटेत काम करायचं. तिथं अशी योजना १९७५ साली ब्रिटन, आयर्लंड आणि कॅनडाच्या तरुणांपासून सुरू झाली. भारताची पाळी यायला ४९ वर्षं लागली. एप्रिल २०२२ च्या व्यापार करारात वर्षाला हजार भारतीय घेण्याचं ठरलं आणि २०२४ मध्ये दार किलकिलं झालं.

आता मध्य प्रदेशातल्या पांढुर्णा जिल्ह्यातल्या तिगावचं एक जोडपं धरू. अगदी हिशेबापुरतं, त्यामुळं नाव-आडनाव नको. तो २८ वर्षांचा, ती २५ ची. दोघं पदवीधर, घरची थोडी संत्र्याची बाग. दोघांनी अर्ज भरला. तिकडं काय दिसेल, हाती किती पडेल आणि मुळात जायला मिळेल का, हे आकड्यांतच पाहू.

तीच ओळ, खालच्या बाजूला

तिगाव विषुववृत्ताच्या उत्तरेला साधारण साडेएकवीस अंशांवर आहे. कर्कवृत्त इथून दोनेकशे किलोमीटर वर, भोपाळच्या बाजूनं जातं. म्हणजे तिगाव स्वतःच उष्ण कटिबंधात. विषुववृत्तापासून तेवढेच अंश दक्षिणेला मोजले तर ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर मकाय शहराचा परिसर लागतो. मकाय म्हणजे क्वीन्सलँडमधलं उसाचं गाव. तिथून वर केर्न्स शहरापर्यंत ऊस, आंबा आणि केळी. पिकं आपल्या ओळखीची, माप मात्र ओळखीचं नाही.

क्वीन्सलँड राज्य १७ लाख चौरस किलोमीटरहून मोठं आहे. त्यात साडेपाच मध्य प्रदेश मावतात. केर्न्सहून राज्याची राजधानी ब्रिस्बेन रस्त्यानं सुमारे १,७०० किलोमीटर. तेवढ्या प्रवासात नागपूरहून रेल्वेनं दिल्ली गाठून, परत फिरून बीनाही मागं टाकता येतं. तिकडं ते सगळं अंतर एकाच राज्यात संपतं.

शेजारचा नॉर्दर्न टेरिटरी हा प्रदेश साडेतेरा लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे चार मध्य प्रदेश आणि वर थोडी जागा. वस्ती किती? अडीच लाखांच्या आसपास. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा झालेला पांढुर्णा जिल्हा जेमतेम दीड हजार चौरस किलोमीटरचा आहे, तरी पांढुर्णा आणि सौंसर मिळून साडेतीन लाखांवर माणसं राहतात. तिकडं माणशी पाच चौरस किलोमीटर येतात. आपल्याकडं एका चौरस किलोमीटरवर सव्वादोनशेहून जास्त माणसं. तिथल्या ब्रुनेट डाउन्स या एकट्या गुरांच्या कुरणाचं क्षेत्र १२,००० चौरस किलोमीटरच्या वर आहे. एका कुरणात पांढुर्ण्याएवढे आठ जिल्हे.

माणसं कमी, पण मगरी भरपूर. खाऱ्या पाण्यातल्या मगरींची शिकार १९७१ मध्ये बंद झाली तेव्हा नॉर्दर्न टेरिटरीत त्या तीनेक हजारच उरल्या होत्या. आज अंदाज एक लाखाचा आहे, म्हणजे अडीच माणसांमागे एक मगर. आपल्या जोडप्यानं नदीकाठची पाटी वाचल्याशिवाय पाण्यात पाय घालू नये.

सुट्टी म्हणून केर्न्सहून होडीनं ग्रेट बॅरिअर रीफ पाहायला जायचंच. प्रवाळांची ही रांग २,३०० किलोमीटर लांब आहे. तिच्या संरक्षित सागरी क्षेत्राचा विस्तार ३,४४,४०० चौरस किलोमीटर. मध्य प्रदेश ३ लाख ८ हजारांचा, महाराष्ट्र त्याहून किंचित लहान. एका दिवसाच्या सहलीत त्यातलं जे दिसेल, ते एवढ्या राज्यातल्या एखाद्या शेताच्या बांधाइतकं.

७,९०० मिलिमीटर

काम बहुधा केर्न्सच्या दक्षिणेला मिळेल, टली आणि इनिसफेल या गावांकडं. तिगावहून सरळ रेषेत सुमारे साडेआठ हजार किलोमीटर. ऑस्ट्रेलियात पिकणाऱ्या केळींपैकी नव्वद टक्क्यांहून जास्त केळी उत्तर क्वीन्सलँडच्या या पट्ट्यातून येतात.

टलीत चौकाजवळ एक सोनेरी गमबूट उभा केलाय. उंची ७.९ मीटर. कारण १९५० साली गावात ७,९०० मिलिमीटर पाऊस झाला, तो गमबूट भरेल एवढा. नागपूरची वर्षाची सरासरी अकराशेच्या आसपास. म्हणजे नागपूरला सात वर्षांत पडतो तेवढा टलीत एका वर्षात कोसळला. जवळच्याच बेलेंडन केर डोंगरमाथ्यावर २००० साली १२,४६१ मिलिमीटर नोंदला गेला.

केळीचं गाव पावसावर जगतं आणि वादळानं मोडतं. २० मार्च २००६ रोजी लॅरी हे चक्रीवादळ इनिसफेलजवळ किनाऱ्याला धडकलं आणि देशातलं ऐंशी टक्क्यांहून जास्त केळीचं पीक आडवं झालं. रोगकीड येऊ नये म्हणून ऑस्ट्रेलिया बाहेरून ताजी केळी आणत नाही. त्यामुळं देशभर भाव पाचपट झाले. पाच वर्षांनी, ३ फेब्रुवारी २०११ ला यासी वादळानं पुन्हा जवळजवळ पाऊण पीक नेलं.

गंमत म्हणजे केळीच्या उत्पादनात ऑस्ट्रेलिया आपल्यापुढं किरकोळ आहे. त्यांची वर्षाची केळी चार लाख टनांच्या आसपास, भारताची साडेतीन कोटी टनांच्या. पंच्याऐंशी-नव्वद पट. तिगावच्या वर घाट चढला की मुलताई, तिथं तापीचा उगम. त्याच तापीच्या खोऱ्यात पुढं रावेर-यावलच्या केळीबागा. पण व्हिसा तापीकाठच्या केळीला मिळत नाही, टलीच्या केळीला मिळतो.

एका तासाचे साडेसहा दिवस

टलीच्या बागेत एक जण घड कापतो, दुसरा तो खांद्यावर झेलून ट्रेलरपर्यंत नेतो. घड चाळीस किलोचा असतो, कधी साठचाही. शंभर घड आणि चाळीसच किलो धरले तरी दिवसाला चार टन एका खांद्यावरून जातात. पुढं शेडमध्ये केळी धुऊन, फण्या करून खोक्यात भरायच्या. चिखल, कोळी, चीक आणि उकाडा हे सगळं त्याच मजुरीत.

मजुरी अशी. १ जुलै २०२५ पासून ऑस्ट्रेलियात तासाची किमान मजुरी २४.९५ डॉलर झाली. रजा-सुट्टी न मिळणाऱ्या रोजंदाराला २५ टक्के वाढीव, म्हणजे ३१.१९ डॉलर. रुपयांत १,७१५. मध्य प्रदेशात रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ साठी दिवसाला २६१ रुपये. टलीतला एक तास म्हणजे इथले साडेसहा दिवस. फळतोडणीत नगावर पैसे देऊन मजुराला तासाच्या दरापेक्षा कमी देण्याची वाटही एप्रिल २०२२ पासून कायद्यानं बंद केली.

या व्हिसावर वर्षभर राहिल्यावर दुसरं वर्ष हवं असेल तर अट आहे: ठरावीक प्रकारचं काम ८८ दिवस. हे काम कुठं मोजलं जातं? मकरवृत्ताच्या वरच्या भागात, अख्ख्या नॉर्दर्न टेरिटरीत आणि शेतीचं असेल तर इतर काही ठरावीक भागांतही. भूगोलाच्या पुस्तकातली रेघ इथं व्हिसाची रेघ होते. ८८ दिवस म्हणजे साडेबारा आठवडे. आठवड्याला ३८ तास धरले तर ४७५ तास. मिळकत १४,८१५ डॉलर. या व्हिसावाल्यांना पहिल्या डॉलरपासून १५ टक्के कर. हाती उरले १२,५९३ डॉलर, म्हणजे सुमारे ६ लाख ९३ हजार रुपये. दोघांचे पावणेचौदा लाखांच्या पुढं. राहणं-खाणं यातूनच जाणार, आणि तिथं केळीच किलोला चार डॉलर म्हणजे २२० रुपये. तरी आकडा डोळे फिरवणाराच.

जोडी एक की माणसं दोन?

जोडप्यानं घर सोडून हंगामभर दूरच्या शेतात राबणं मराठी माणसाला नवं नाही. बीड आणि आसपासच्या भागांतून दर दिवाळीनंतर दहा लाखांच्या घरात माणसं ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती जोडीला. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’. एकट्याला सहसा कोणी घेत नाही, कारण एकानं तोडायचं आणि दुसऱ्यानं मोळी बांधायची.

जानेवारी २०२४ च्या करारानं तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरा: ७३२ रुपये, दोघांचे. दीडशे दिवसांच्या हंगामात तीनशे टन, १ लाख ९ हजार ८०० रुपये. टलीत एका माणसाची कर वजा जाता तेवढी कमाई ७५ तासांत होते. दोन माणसांचे पाच महिने, एका माणसाचे दोन आठवडे.

त्यात तीनशे टन ऊस क्वीन्सलँडचं यंत्र एका दिवसात तोडून मोकळं होतं. तिथं हातानं ऊस तोडणं १९७० च्या दशकातच संपलं. त्याआधीचा इतिहास मात्र सुट्टीचा नाही. १८६३ ते १९०४ या काळात व्हानुआटू, सॉलोमन अशा बेटांवरून सुमारे ६२,००० मजूर तिथल्या ऊसमळ्यांत आणले गेले, कित्येक फसवून किंवा जबरदस्तीनं. करार तीन वर्षांचा, मजुरी वर्षाला सहा पौंड. मग १९०१ च्या कायद्यानं, कातडीच्या रंगावरून, त्यांच्यातल्या हजारोंना परत धाडलं.

आज ऑस्ट्रेलिया मजुरी चोख देतो, पण जोडी ओळखत नाही. या व्हिसात नवऱ्याच्या अर्जात बायकोचं नाव घालता येत नाही. दोघांनी वेगवेगळी चिठ्ठी टाकायची.

हजार जागांना चाळीस हजार अर्ज, म्हणजे चाळीसात एक. आता ही शक्यता दोघांसाठी मांडा. दोघांचाही नंबर एकाच वर्षी लागण्याची शक्यता चाळीस गुणिले चाळीस, सोळाशेत एक. चाळीस हजार अर्ज वीस हजार जोडप्यांचे होते असं समजा. साधारण ९७५ जोडप्यांत एकाचाच नंबर लागेल. दोघांचा लागेल अशी जोडपी बारा-तेरा. उरलेली एकोणीस हजारांवर जोडपी आहेत तिथंच. म्हणजे ज्या घरात आनंदाची बातमी आली, अशा ७९ घरांपैकी ७८ घरांत जोडीदाराचं नाव यादीत नाही. अर्जांची खिडकी तर पूर्ण महिनाभर उघडी होती, त्यामुळं खरी शक्यता याहूनही कमीच.

मग तिगावच्या जोडप्यानं काय करावं? ‘जाऊ तर दोघं’ असं म्हणून बसलं तर सोळाशेत एक. पण एकाचा नंबर लागल्यावर तो गेला, तर गणित बदलतं. सोडत फक्त पहिल्या व्हिसाला लागते. ८८ दिवस केळीत काढले की दुसरं वर्ष सोडतीविना. दुसऱ्या वर्षात सहा महिने तसंच काम केलं की तिसरं. वय आड आलं नाही, तर तेवढ्या काळात मागं राहिलेल्या जोडीदाराला आणखी तीन सोडती मिळतात. गर्दी तेवढीच राहिली तर तीनपैकी एकीत नंबर लागण्याची शक्यता सात टक्क्यांच्या वर, चौदात एक.

सुरुवातीला दोघांपैकी एकाचाच नंबर लागण्याची शक्यता विसात एक, नंतर दुसऱ्याची चौदात एक. गुणाकार २८०. त्यात दोघांचा एकदम लागण्याची बारीकशी शक्यता मिळवली की आकडा येतो साधारण २४०. सोळाशेवरून २४० वर, जवळजवळ सातपट सोपं. किंमत एवढीच की आधी एकानं एकट्यानं जायचं, आणि दुसऱ्यानं बाग सांभाळत दर वर्षी २५ डॉलर भरायचे. तिशी ओलांडेपर्यंतच. त्याचं वय आज २८ आहे, तिचं २५. हिशेब सांगतो की आधी त्याचा नंबर लागलेला बरा, कारण वाट पाहायला तिच्याकडं जास्त वर्षं आहेत.