पैसे गेले, मग बँक जमा कशी?



शहापूर-मुरबाड हा भाताचा मुलूख, आपल्यासारखा उसाचा नव्हे. पण विकास सोसायटी तिकडेही आहे आणि पीककर्जाचा हिशेब सगळीकडे सारखाच. सोसायट्यांची दप्तरे संगणकावर आणण्याची योजना केंद्र सरकारने जून 2022 मध्ये मंजूर केली. सुरुवातीला 63,000 सोसायट्या घेतल्या. तेव्हा सचिवाला द्विनोंदी हिशेब आता पडद्यावर शिकायचा आहे. कर्ज ज्याच्या नावावर, त्यालाही तो थोडा उमगलेला बरा.

द्विनोंदी म्हणजे एकच व्यवहार दोन खात्यांत लिहायचा. एक नावे, दुसरे जमा, रक्कम तीच. समजा, मुरबाडकडच्या एका सोसायटीने सभासदाला 30,000 रुपये पीककर्ज दिले. सभासदाचे कर्ज खाते नावे 30,000, बँक खाते जमा 30,000. नवशिका इथेच अडतो. पैसे तर गेले, मग बँक जमा कशी? जमा म्हणजे पैसे आले, हे आपल्या डोक्यात बसलंय ते पासबुकामुळे. पण पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल. आपली ठेव हे बँकेचे देणे, म्हणून ती जमा लिहिते. आपल्या वहीत तेच पैसे बँकेकडून येणे, म्हणून नावे. आणि काढले की जमा. वही कुणाची, हे आधी विचारावे. अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

पुढे भात विकून सभासदाने 10,000 रोख भरले. रोख नावे, कर्ज खाते जमा. व्याज बाजूला ठेवले तर येणे राहिले 20,000.

संगणकात व्हाउचर एकदाच भरायचे. खतावणी, तेरीज, ताळेबंद तो आपोआप काढतो. दोन्ही बाजू सारख्या नसतील तर नोंद घेतच नाही. म्हणून लोक म्हणतात, संगणक चुकत नाही. अहो, चुकतो की! गावात एकाच नावाचे दोन सभासद, आणि भरणा पडला दुसऱ्याच्या खात्यावर. नावे 10,000, जमा 10,000, तेरीज चोख जुळली. आपला माणूस मात्र 30,000 चा देणेकरीच राहिला. मुदतीत फेड दिसली नाही की व्याजाची सवलत जाते, नवे कर्जही अडते. माझ्या नात्यात हे घडलंय. पावती जपली होती म्हणून निभावलं.

आपल्या ऊस बिलाचे तेच. 40 टन, दर 3,000 धरला तर 1,20,000 : ऊस खरेदी नावे, आपले खाते जमा. सोसायटीची वसुली 70,000 : आपले खाते नावे, सोसायटी जमा. बाकी 50,000 बँकेत. कारखान्याने 70,000 पाठवले, पण सोसायटीच्या खतावणीत ते आपल्याच कर्ज खात्याला पडले का, हे कारखान्याच्या वहीत दिसत नाही. तेव्हा बिलाची चिठ्ठी घेऊन सोसायटीत जावे, खाते उतारा मागावा आणि सभासद क्रमांक, तारीख, रक्कम तिथेच ताडून पाहावी. कर्जफेडीची मुदत टळण्याआधी.