थ्री नॉट थ्री : रायफल, सराव आणि हुकूम

पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात, एनसीसीच्या कवायतीत, पोलिसांच्या मानवंदनेत हवेत झाडल्या जाणाऱ्या फैरींत महाराष्ट्रातल्या अनेक पिढ्यांनी एकच रायफल पाहिली. लाकडी दस्ता, बोथट तोंड, पोटाखाली मॅगझीनची चौकोनी पेटी आणि उजव्या हाताला गोल मुठीचा बोल्ट. कागदोपत्री ती ‘ली-एनफिल्ड’, बोलण्यात ‘थ्री नॉट थ्री’. नळीचा व्यास ०.३०३ इंच, म्हणजे साधारण ७.७ मिलिमीटर. ब्रिटिश साम्राज्याच्या पायदळाचे हे मुख्य शस्त्र दोन्ही महायुद्धांत लढले, स्वतंत्र भारताच्या लष्कराने ते वापरले आणि एकविसाव्या शतकातही ते पोलिसांच्या खांद्यावर होते. वेगवेगळ्या कारखान्यांतून अशा सुमारे १ कोटी ७० लाख रायफली बाहेर पडल्या, असा अंदाज आहे.

या रायफलीचा मूळ विचार जेम्स पॅरिस ली या कारागिराचा. १८३१ मध्ये स्कॉटलंडमधल्या हॉइक गावी जन्मलेला ली लहानपणी कॅनडात गेला आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झाला. काडतुसे एकावर एक रचायची, खालून स्प्रिंगने वर ढकलायची आणि बोल्ट पुढे सरकताना त्याने वरचे काडतूस नळीत न्यायचे, ही पेटीवजा मॅगझीनची रचना त्याची. ब्रिटनने १८८८ मध्ये ती स्वीकारली, तेव्हा नळीच्या आतले उथळ आटे विल्यम मेटफर्डच्या पद्धतीचे होते. पुढे काळ्या दारूची जागा कॉर्डाइटने घेतली. या नव्या, बिनधुराच्या दारूच्या उष्णतेने ते आटे झिजू लागले. मग लंडनजवळच्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्याने पाच खोल आट्यांची नळी तयार केली आणि १८९५ मध्ये ‘ली-एनफिल्ड’ हे नाव रूढ झाले.

खरी शिकवण दक्षिण आफ्रिकेत मिळाली. १८९९ ते १९०२ च्या युद्धात बोअर शेतकरी जर्मन माउझर रायफलींनी लांबून अचूक मारा करत. त्यांची पाच काडतुसे एका क्लिपमधून एकदम भरली जात, तर ब्रिटिश शिपाई एकेक काडतूस कोंबत बसे. युद्ध संपल्यावर ब्रिटिशांनी रायफल आखूड केली, पायदळ आणि घोडदळ दोघांना एकच नमुना दिला आणि क्लिपने भरण्याची सोय केली. १९०७ चा ‘मार्क थ्री’ हा या बदलांचा पक्का नमुना. लांबी साडेचव्वेचाळीस इंच, वजन सुमारे चार किलो, मॅगझीनमध्ये दहा काडतुसे. माउझरमध्ये पाचच.

या रायफलीच्या वेगाचे रहस्य बोल्टमध्ये होते. माउझरचा बोल्ट पुढच्या टोकाला अडकतो. ही रचना अधिक भक्कम. लीचा बोल्ट मागच्या बाजूला अडकतो. त्यामुळे त्याला मागे-पुढे कमी सरकावे लागते आणि मूठही थोडीच वळवावी लागते. सरावलेला शिपाई रायफल खांद्यावरून न उतरवता, नजर नेमावरून न हलवता बोल्ट ओढून पुढची गोळी भरू शकत असे.

पण यंत्राने वेगाची शक्यता तेवढी दिली होती, ती प्रत्यक्षात आणली सरावाने. इंग्लंडमधल्या हाइथच्या नेमबाजी शाळेतले अधिकारी नॉर्मन मॅकमाहन यांनी महायुद्धापूर्वी मशीनगन वाढवण्याचा आग्रह धरला होता. पैशाअभावी मागणी मान्य झाली नाही आणि प्रत्येक बटालियनला दोनच मशीनगन राहिल्या. मग उणीव रायफलीने भरून काढायची ठरली. ३०० यार्डांवरच्या लक्ष्यावर एका मिनिटात किमान पंधरा नेमके बार काढणे हा शिपायाचा नेहमीचा अभ्यास झाला आणि चांगल्या नेमबाजाला पगारात भर मिळू लागली. २३ ऑगस्ट १९१४ रोजी बेल्जियममधल्या मॉन्स इथे कालव्याच्या काठाने ब्रिटिशांची छोटी व्यावसायिक फौज उभी होती. दाटीवाटीने चालून येणाऱ्या जर्मन रांगा रायफलीच्या माऱ्याने कोलमडल्या. फौजेला अखेर मागे हटावे लागले, तरी त्या दिवसाने सरावाची किंमत सिद्ध केली. तिथे नीमीच्या पुलाशी लढलेल्या रॉयल फ्युजिलिअर्सच्या चौथ्या बटालियनचे प्रमुख होते स्वतः मॅकमाहन. नोव्हेंबरमध्ये ईप्रच्या लढाईत ते मारले गेले आणि त्यांनी घडवलेल्या फौजेतले बहुतेक शिपाईही त्या हिवाळ्यापर्यंत संपले.

हिंदी शिपायाला कोणती रायफल मिळावी, हा मात्र वेगळा हिशेब होता. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी हिंदी पलटणींना शस्त्रांत गोऱ्या पलटणींच्या एक पाऊल मागे ठेवण्याचे धोरण पाळले. १९१४ मध्ये हिंदी सैन्य फ्रान्सला पोहोचले, तेव्हा मार्सेलच्या बंदरात त्यांच्या जुन्या रायफली जमा करून नव्या वाटाव्या लागल्या. हाताला नवे शस्त्र रुळण्याआधीच हे शिपाई बेल्जियमच्या चिखलात उभे राहिले. मेसोपोटेमियात गेलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. कुतच्या वेढ्यात त्यांनी डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तग धरला. तिथे त्यांना हरवले ते उपासमारीने. काडतूस शिल्लक असून भाकर नसेल तर रायफल काय करणार?

या शस्त्राच्या इतिहासात भारताचा वाटा केवळ शिपायांचा नव्हता. १८९५ च्या चित्रळ मोहिमेनंतर तक्रार आली की नवी बारीक गोळी सरहद्दीवरच्या पठाणाला जागीच थांबवत नाही. त्यावर कलकत्त्याजवळच्या दमदम कारखान्यात कॅप्टन बर्टी-क्ले यांनी अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी बनवली. तिने होणाऱ्या जखमा इतक्या भयंकर होत्या की १८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्यांवर बंदी आणली. बंगालमधल्या ईशापूरला विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून रायफली बनू लागल्या. पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून थ्री नॉट थ्रीची काडतुसे जात. त्यांच्या बुडावर ‘के’ आणि ‘एफ’ ही इंग्रजी अक्षरे, म्हणजे किर्की फॅक्टरीची खूण, उमटवलेली असे.

मग आला १३ एप्रिल १९१९. अमृतसरच्या जालियनवाला बागेत जनरल डायरने पन्नास रायफलधारी शिपाई ओळीने उभे केले आणि निःशस्त्र जमावावर गोळीबाराचा हुकूम दिला. सुमारे दहा मिनिटांत १,६५० गोळ्या झाडल्या गेल्या, म्हणजे माणशी तेहेतीस. सरकारी आकडा ३७९ मृतांचा. लोकांच्या मते मृत याहून कितीतरी अधिक. मशीनगन बसवलेल्या मोटारी अरुंद बोळातून आत जाऊ शकल्या नाहीत, नाहीतर आपण त्याही वापरल्या असत्या, असे डायरने चौकशीसाठी नेमलेल्या हंटर समितीसमोर सांगितले. मॉन्सला फौज वाचवणारा बोल्टचा वेग इथे कोंडलेल्या माणसांवर चालवला गेला.

अकरा वर्षांनी, २३ एप्रिल १९३० रोजी, पेशावरच्या किस्साखानी बाजारात खुदाई खिदमतगार या अहिंसक चळवळीतल्या लोकांचा जमाव होता. त्या दिवशी इतर तुकड्यांनी गोळ्या झाडल्या आणि माणसे मेली. पण रॉयल गढवाल रायफल्सच्या शिपायांनी निःशस्त्र लोकांवर गोळी झाडायला नकार दिला. त्यांचे पुढारी चंद्रसिंह गढवाली यांना लष्करी न्यायालयाने जन्मठेप दिली. दोन्ही ठिकाणी रायफली ब्रिटिश सरकारच्या आणि त्या धरणारे हात हिंदी सैन्यातले होते. हुकूम पाळायचा की नाही, हे ठरवणारे मन तेवढे वेगळे निघाले. म्हणूनच या रायफलीची कथा सांगताना चंद्रसिंहांचे नाव एकाही सेनापतीच्या मागे ठेवता येणार नाही.

दुसऱ्या महायुद्धात थ्री नॉट थ्री पुन्हा सगळीकडे गेली, पण काळ बदलत होता. १० जुलै १९४४ रोजी इटलीत वरच्या टायबर खोऱ्यात यशवंत घाडगे यांच्या तुकडीतले सगळे साथीदार मारले गेले किंवा जखमी झाले. या कोकणच्या मराठा नायकाने एकट्याने शत्रूच्या मशीनगनवर चाल केली, ती ग्रेनेड आणि टॉमी गन घेऊन. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जवळच्या लढाईत आता सलग गोळ्या सोडणाऱ्या शस्त्राची वेळ आली होती.

ही गोष्ट दिल्लीला १९६२ पर्यंत पुरती उमगली नाही. १८ नोव्हेंबर रोजी लडाखमधल्या रेझांग ला इथे १३ कुमाऊंच्या चार्ली कंपनीचे सुमारे १२० जवान मेजर शैतान सिंह यांच्या नेतृत्वाखाली उभे होते. जागा १६ हजार फुटांहून उंच, हातात बोल्ट ओढायच्या रायफली आणि समोर आधुनिक शस्त्रांचे चिनी सैन्य. कंपनीतले ११४ जण धारातीर्थी पडले. त्या पराक्रमाला सलाम करतानाच हेही सांगायला हवे की गोठलेल्या बोटांनी दर गोळीला बोल्ट ओढायची वेळ त्यांच्यावर आणली ती शस्त्रखरेदीच्या दिरंगाईने. त्यानंतर लष्कराच्या हाती ७.६२ मिलिमीटरची स्वयंभरित रायफल आली आणि थ्री नॉट थ्री पोलिसांकडे सरकली.

पोलिसांकडे ती फार काळ राहिली. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर एके-४७ घेतलेल्या दोन दहशतवाद्यांसमोर आमच्या पोलिसांकडे लाठ्या, पिस्तुले आणि हीच रायफल होती. तरीही काही जण समोर गेले, काहींनी गोळ्या झाडल्या. पण सरावासाठी वर्षाला मोजकी काडतुसे मिळणाऱ्या शिपायाकडून मॉन्सच्या नेमबाजीची अपेक्षा कशी करायची? त्यानंतर नवी शस्त्रे आली. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २६ जानेवारी २०२० च्या संचलनात या रायफलीला जाहीर निरोप दिला.

ली-एनफिल्ड हे उत्तम यंत्र होते, यात शंका नाही. पण शंभर वर्षांत त्याने जे केले, ते कधीच एकट्याने केले नाही. सराव देणारी शाळा, शस्त्र वेळेवर पुरवणारे सरकार आणि हुकूम देणारा अधिकारी, या तिघांच्या कर्तबगारीवर किंवा गुन्ह्यावर त्या नळीचे इमान ठरले. आज जिल्ह्याजिल्ह्यांत पोलिसांना नव्या रायफली मिळत असताना त्यांची संख्या मोजून भागणार नाही. प्रत्येक शिपायाने वर्षभरात सरावाच्या किती गोळ्या झाडल्या आणि ती नळी कोणावर रोखायची नाही हे त्याला कोणी शिकवले, हे दोन प्रश्न आपण नागरिकांनी सरकारला विचारत राहिले पाहिजे.