जिरोनाला जायचे, तर मुक्कामाला!

बार्सिलोनाच्या सांट्स स्थानकावरून निघणारी अतिवेगवान रेल्वेगाडी अवघ्या चाळीस मिनिटांत जिरोना गाठते. जानेवारी २०१३ मध्ये हा मार्ग सुरू झाला तेव्हा कॅटलोनियातील या प्राचीन शहराचे भाग्य उजळले, असे म्हटले गेले. ते खोटे नाही. मात्र अंतर आटले, तसा पाहुण्यांचा मुक्कामही आटला. सकाळी दहाला उतरायचे, नदीकाठच्या रंगीत घरांसमोर एक छायाचित्र, कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर दुसरे, आणि चारच्या गाडीने परत, असा शिरस्ता पडून गेला. युरोपच्या एका सहलीसाठी वर्षानुवर्षे पैसा साठवणाऱ्या मध्यमवर्गीय कुटुंबाला हा व्यवहार स्वस्त वाटतो खरा. पण दोन हजार वर्षांचे शहर सहा तासांत पाहणे म्हणजे फक्त पत्ता तपासून येणे होय. जिरोनाला किमान दोन रात्री द्याव्यात, शक्य असल्यास तीन.

त्याचे कारण या शहराच्या रचनेतच आहे. तेर, ओन्यार, ग्वेल आणि गायिगांत्स या चार नद्या येथे एकत्र येतात आणि त्यांच्यावर नजर ठेवणाऱ्या टेकडीवर रोमनांनी ‘जेरुंदा’ वसवले. रोमहून इबेरियन द्वीपकल्पात उतरणारा ‘विया आउगुस्ता’ हा राजमार्ग या गावातून जात असे. आजची ‘कारेर दे ला फोर्सा’ ही अरुंद गल्ली त्याच मार्गावर उभी आहे. जो कोणी फ्रान्सकडून आला, त्याला जिरोना ओलांडणे भाग होते. त्यामुळे या शहराला वेढे पडत राहिले. १२८५ मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा फिलिप चालून आला, तेव्हा शहराचे रक्षणकर्ते संत नार्सिस यांच्या थडग्यातून माश्यांचे थवे निघाले आणि त्यांनी फ्रेंच सैन्याची दाणादाण उडवली, अशी आख्यायिका आहे. नेपोलियनच्या सैन्याला मात्र माश्या अडवू शकल्या नाहीत. १८०९ च्या मे महिन्यापासून सात महिने शहर लढत राहिले आणि उपासमार व रोगराईने पुरते खचल्यावर डिसेंबरात शरण आले. तटबंदीवरून आज जी सुखद फेरी मारता येते, तिच्या दगडांमागे हा सारा इतिहास आहे. ही फेरी सूर्यास्ताच्या सुमारास करावी. दुपारी तेथे सावली नाही, आणि दिवसाच्या पाहुण्यांची नेमकी तीच वेळ असते.

कॅथेड्रलबाबतही घाई नडते. नव्वद पायऱ्या चढून दम लागलेला प्रवासी आत डोकावतो, ‘मोठे आहे’ असे म्हणतो आणि बाहेर पडतो. किती मोठे, हे समजायला थोडे थांबावे लागते. मधल्या दालनाची रुंदी जवळजवळ २३ मीटर आहे, आणि मध्ये एकही खांब नाही. गॉथिक शैलीत इतके रुंद दालन जगात अन्यत्र नाही. पंधराव्या शतकाच्या आरंभी, काम चालू असतानाच, तीन दालने बांधावीत की एकच, असा वाद उभा राहिला. १४१६-१७ च्या सुमारास धर्मपीठाने बारा नामवंत स्थपतींची मते मागवली. एवढी कमान टिकेल काय, ही शंका अनेकांना होती. अखेर धाडसाची बाजू जिंकली. कॅथेड्रलच्या संग्रहालयातील ‘सृष्टिनिर्मितीचे वस्त्र’ हे सुमारे नऊशे वर्षांपूर्वीचे भरतकाम तर अर्धा तास सहज मागते. मधोमध ख्रिस्त, भोवती पशुपक्षी, मासे, महिने आणि वारे. मंद प्रकाशात ठेवलेले हे वस्त्र डोळे सरावल्यावरच दिसू लागते.

सर्वाधिक सबुरी लागते ती ‘एल काल’ या जुन्या यहुदी वस्तीत. नवव्या शतकापासून १४९२ पर्यंत, म्हणजे सुमारे सहाशे वर्षे, येथे यहुदी समाज नांदला. मोझेस बेन नाखमान हा थोर धर्मपंडित ११९४ मध्ये याच शहरात जन्मला. राजा पहिला जाउमे याच्यासमोर १२६३ मध्ये बार्सिलोनात झालेल्या जाहीर धर्मचर्चेत त्याने यहुदी पक्ष मांडला आणि त्याची किंमत म्हणून उतारवयात देश सोडला. १३९१ मध्ये स्पेनभर उसळलेल्या हिंसाचारात ही वस्तीही लुटली गेली. पुढच्या शंभर वर्षांत बंधने वाढत गेली आणि १४९२ मध्ये राजाज्ञा निघाली : धर्म बदला किंवा निघून जा. घरे विकली गेली, काही गल्ल्या भिंती घालून बंद झाल्या आणि त्यांचा विसरही पडला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्या पुन्हा मोकळ्या करण्यात आल्या. आज तेथे यहुदी इतिहासाचे संग्रहालय असून शेजारच्या मोंजुइक टेकडीवरील दफनभूमीतून मिळालेल्या हिब्रू शिळा त्यात ठेवल्या आहेत. दिवसा या गल्ल्यांतून मार्गदर्शकांच्या छत्र्यांमागे गटच्या गट सरकत असतात. रात्री नऊनंतर तेथे स्वतःच्या पावलांचा आवाज ऐकू येतो. मुक्काम करणाऱ्यालाच हे मिळते.

शहराची गंमत अशी की, येथे दिसते ते तसेच असेल असे नाही. ‘अरबी स्नानगृहे’ अरबांनी बांधलेलीच नाहीत; बाराव्या शतकाच्या अखेरीस, शहर ख्रिस्ती राजवटीखाली असताना, मुस्लिम हमामांच्या धर्तीवर ती उभी राहिली. ओन्यारकाठच्या घरांचे ते प्रसिद्ध पिवळे-तांबडे रंगही प्राचीन नव्हेत. १९८० च्या दशकात स्थपतींनी विचारपूर्वक ठरवून दिलेली ती रंगसंगती आहे. त्याच नदीवरचा लाल लोखंडी पूल पाहून पॅरिस आठवले तर ते मात्र योग्यच. तो गुस्ताव्ह आयफेलच्या कंपनीने १८७७ मध्ये, म्हणजे आयफेल मनोऱ्याच्या बारा वर्षे आधी, उभारला. दूरचित्रवाणीवरील ‘गेम ऑफ थ्रोन्स’चे काही प्रसंग २०१५ मध्ये येथे चित्रित झाले, तेव्हापासून कॅथेड्रलच्या पायऱ्यांवर निराळीच गर्दी लोटू लागली, हेही जाता जाता सांगायला हवे.

आता नियोजनाकडे. पहिला प्रश्न ऋतूचा. एप्रिल आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर हा काळ सर्वांत अनुकूल. जुलै-ऑगस्टमध्ये पारा तिशीच्या वर असतो आणि दगडी गल्ल्या तापतात. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास ‘तेम्प्स दे फ्लोर्स’ हा पुष्पोत्सव भरतो. एरवी बंद असणारी अंगणे, तळघरे, जिने फुलांनी सजवून सर्वांसाठी खुले केले जातात. दृश्य देखणे असते, पण खोल्या कित्येक महिने आधी संपतात आणि गल्ल्यांतून चालणे म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी लक्ष्मी रोडवरून जाणे. फुले पाहायची तर गर्दी पत्करावी. शहर पाहायचे तर तो आठवडा टाळावा. २९ ऑक्टोबरच्या आसपास संत नार्सिसची जत्रा असते. ती अधिक घरगुती, गावकऱ्यांची. कोणताही महिना असो, सोमवारी अनेक संग्रहालये बंद असतात, हे ध्यानात ठेवूनच दिवस ठरवावेत.

दुसरा आणि अधिक महत्त्वाचा प्रश्न राहायचे कोठे, हा. नदीच्या पूर्वेला टेकडीवर चढत जाणारी जुनी पेठ, पश्चिमेला सपाटीवरचा नवा भाग. जुन्या पेठेतील दगडी घरांतल्या खोल्यांची छायाचित्रे मोहात पाडतात. तथापि तेथे बाहेरच्या वाहनांना मुक्त प्रवेश नाही, गल्ल्या फरसबंदीच्या आहेत, पायऱ्या पुष्कळ आहेत आणि अनेक जुन्या इमारतींत उद्वाहक नाही. चाकांच्या जड बॅगा आणि सोबत गुडघेदुखी असलेले आईवडील, असा लवाजमा असेल तर ओन्यारच्या पश्चिमेला, स्वातंत्र्य चौकाच्या आसपास उतरावे. तेथून पूल ओलांडला की दहा मिनिटांत कॅथेड्रल, आणि रेल्वे स्थानकही चालत जाण्याच्या अंतरावर. पाठीवर एक पिशवी घेऊन फिरणाऱ्या तरुणांनी मात्र खुशाल जुन्या पेठेत राहावे. पहाटेच्या घंटानादाने झोपमोड होईल, त्याची तक्रार करू नये.

कुटुंबासाठी स्वयंपाकघर असलेले घर भाड्याने घेण्याकडे मराठी प्रवाशांचा ओढा असतो. वरणभाताची सोय होते, खर्चही वाचतो. येथे एक गोष्ट पारखून घ्यावी. कॅटलोनियात पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या घराला सरकारी नोंदणी क्रमांक असावा लागतो. जिरोना प्रांतात तो ‘एचयूटीजी’ या अक्षरांनी सुरू होतो. जाहिरातीत क्रमांक नसेल, तर ते घर सोडून द्यावे. हा केवळ कायद्याचा मुद्दा नाही. पर्यटकांच्या घरांमुळे स्थानिकांना परवडणारी घरे मिळेनाशी झाली, हा कॅटलोनियातील आजचा ज्वलंत प्रश्न आहे. बार्सिलोना महापालिकेने २०२४ मध्ये अशा सुमारे दहा हजार घरांचे परवाने २०२८ च्या नोव्हेंबरनंतर पुढे चालू न ठेवण्याची घोषणा केली, ती यामुळेच. जुन्या पेठेत अजून माणसे राहतात, गॅलरीत कपडे वाळत असतात, म्हणून तर ती पाहण्याजोगी आहे. हॉटेल असो वा घर, दर माणशी दर रात्री प्रादेशिक पर्यटन कर वेगळा भरावा लागतो. तो सलग सात रात्रींपर्यंतच आकारला जातो आणि सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना माफ आहे.

व्हिसाचे गणितही मुक्कामाशी बांधलेले आहे. शेंगेन व्हिसासाठी, ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. पॅरिसला पाच रात्री आणि कॅटलोनियाला तीन, असा बेत असेल तर अर्ज फ्रान्सकडे. उलट असेल तर स्पेनकडे. स्पेनचा महावाणिज्य दूतावास मुंबईत आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तो करावाच लागतो; सुट्टीच्या हंगामात तारखा मिळत नाहीत, हे गृहीत धरून दोन-तीन महिने हाताशी ठेवणे शहाणपणाचे. प्रौढांचे शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे, आणि किमान ३० हजार युरोंचे संरक्षण देणारा प्रवास वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. निवासाचा पुरावा जोडावा लागत असल्याने, रद्द केल्यास पैसे परत मिळतील अशीच आरक्षणे करावीत. व्हिसा नाकारला गेल्यास खोलीचे पैसेही गेले, असे दुहेरी दुःख नको.

बार्सिलोनाहून जाताना अतिवेगवान गाडीचे तिकीट आधी काढलेले बरे. प्रादेशिक गाडी स्वस्त पडते, तिला आरक्षण लागत नाही, मात्र ती सव्वा ते दीड तास घेते. जिरोनाला स्वतःचा विमानतळही आहे, शहरापासून सुमारे बारा किलोमीटरवर. स्वस्त विमानसेवांनी तो ‘बार्सिलोना’च्या नावाने इतका खपवला की, कित्येक प्रवाशांना उतरल्यावर कळले, बार्सिलोना अजून नव्वद किलोमीटर आहे! जिरोनालाच जाणाऱ्यांसाठी अर्थातच हा विमानतळ उत्तम.

खाण्यापिण्याचे वेळापत्रक आपल्यापेक्षा निराळे. दुपारचे जेवण दीड-दोनला, रात्रीचे नऊच्या सुमारास. दुपारी ठरावीक किमतीत मिळणारा ‘मेनू’ घ्यावा. तेच पदार्थ रात्री महाग पडतात. शाकाहारींनी विशेष दक्ष राहावे. पालेभाजीवर डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे भुरभुरणे तेथे मांसाहारात मोजलेच जात नाही, असे समजून प्रत्येक वेळी विचारून घ्यावे. टोमॅटो चोळलेला पाव हा कॅटलान माणसाचा जीव की प्राण. ‘एस्कालिवादा’ म्हणजे भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची ऑलिव्ह तेलात, भरताच्या नात्यातलीच. फक्त वर मासा नको, हे सांगावे. ‘शूशो’ हा तळलेला, आत मलई भरलेला गोड पदार्थ जिरोनाचाच. जगातील सर्वोत्तम रेस्तराँ म्हणून २०१३ आणि २०१५ मध्ये निवडले गेलेले ‘एल सेयेर दे कान रोका’ याच शहरात आहे. तेथील टेबल मिळवण्यासाठी कित्येक महिने आधी प्रयत्न करावे लागतात. त्याच रोका बंधूंचे आइस्क्रीमचे दुकान नदीजवळ आहे, तेथे फक्त रांग लागते.

भाषेविषयी थोडे. येथे स्पॅनिश सर्वांना समजते, पण मनाची भाषा कॅटलान आहे. फ्रँकोच्या राजवटीत या भाषेची गळचेपी झाली, त्याची आठवण अजून ताजी आहे. २०१७ च्या स्वातंत्र्य-सार्वमताचे नेते कार्लेस पुजदेमोन त्याआधी याच शहराचे महापौर होते. दुकानात शिरताना ‘बोन दिया’ आणि निघताना ‘ग्रासियेस’ म्हटले की, समोरच्याच्या चेहऱ्यावर फरक दिसतो. परक्याने दोन शब्द मराठीत बोलल्यावर आपल्याकडे होते, तसेच ते आहे.

तिसरी रात्र हाती असेल तर एक दिवस फिगेरेसला द्यावा. साल्व्हादोर दालीने स्वतः उभारलेले संग्रहालय तेथे १९७४ मध्ये खुले झाले, आणि त्याला दफनही तेथेच केले आहे. रेल्वेने हे अंतर अर्ध्या-पाऊण तासाचे. संध्याकाळी जिरोनाला परतावे. तोवर दिवसाचे पाहुणे बार्सिलोनाच्या गाडीत बसलेले असतात.

निघण्याआधी गावचा एक रिवाज उरतो. सांत फेलिऊ चर्चजवळ एका स्तंभावर चढणारी दगडी सिंहीण आहे. तिच्या पार्श्वभागाचे चुंबन घेणारा जिरोनाला परत येतो, अशी समजूत. पोहोचावे म्हणून नगरपालिकेने पायऱ्याही ठेवल्या आहेत. मात्र ही सिंहीण प्रतिकृती आहे. अस्सल सिंहीण कॅथेड्रलशेजारच्या कला संग्रहालयात, कोणी हात लावणार नाही अशा ठिकाणी.