बागेंतील तळें आणि रात्रीचा दिवा

धाकटी डहाणू हें समुद्रकांठचें मच्छीमारांचें गांव. आणि भोंवतालचा डहाणू तालुका म्हणजे चिकूच्या वाड्यांचा मुलूख. येथील चिकूला २०१६ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें. अशा एखाद्या वाडींत लहानसें तळें, त्यांत दोन कमळें आणि चार मासे असले, म्हणजे सुटीला आलेल्या धन्याला तेथें रात्रीं रोषणाई करावीशी वाटते. त्रिपुरी पौर्णिमेला पाण्यांत दिवे सोडणाऱ्या समाजाला ही हौस नवी नाहीं. मात्र पणती तेल संपतांच विझते. विजेचा दिवा कोणी विझविल्यावांचून विझत नाहीं.

पाण्याखालीं दिवा ठेवावयाचा, तर त्याचें तोंड कोणीकडे असावें? झोत सरळ वर सोडला कीं तो कांठावर बसणाऱ्याच्या डोळ्यांत जातो आणि तळें दिसेनासें होतें. तोच उभ्या रेषेपासून सुमारें ४९ अंशांहून अधिक कलता ठेविला, तर निश्चल पाण्याचा पृष्ठभाग त्याला आरशाप्रमाणें परत आंत लोटतो. जिनिव्हाच्या कोलाडननें १८४१ सालीं पाण्याच्या वाकत्या धारेंत प्रकाश कोंडून दाखविला, तो पाण्याच्या याच गुणामुळें. युरोपांतील प्रदर्शनांची प्रकाशमान कारंजीं पुढें याच युक्तीवर निघालीं. अर्थात् पाणी नितळ हवें. शेवाळानें हिरवटलेल्या पाण्यांत कितीही दिवे लावले तरी गढूळ उजेडापलीकडे कांहीं पदरांत पडत नाहीं. खरें पाहतां तळ्याला उजळण्यापेक्षां कांठच्या एखाद्या झाडावर मंद प्रकाश टाकावा. काळोख्या पाण्यांत त्याचें प्रतिबिंब पडतें, खर्च निम्मा होतो आणि शोभा दुप्पट.

विजेच्या बाबतींत मात्र हौसेला मुरड घातलीच पाहिजे. ओल्या त्वचेचा विजेला होणारा विरोध फार घटतो. घरांतील २३० व्होल्टचा प्रवाह तळ्यांत नेणें म्हणजे प्राणाशीं खेळ. दिवे १२ व्होल्टचे घ्यावे, दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर तळ्यापासून दूर कोरड्या जागीं बसवावा, आणि ३० मिलिअँपिअरची गळती होतांच प्रवाह तोडणारी कळ मुख्य फळीवर असावी. समुद्रकांठीं आणखी एक शत्रु आहे: खारा वारा. तांब्याच्या तारेवर तो हिरवा गंज चढवितो, लोखंडी खिळे खातो. जोडावर नुसती चिकटपट्टी गुंडाळणारा कारीगर एका पावसाळ्यापुरताच उपयोगाचा. तळें साफ करण्यास हात घालण्यापूर्वीं मुख्य कळ बंद करावी, हें गड्यालाही सांगून ठेवावें.

उजेडाकडे मासे ओढले जातात हें धाकट्या डहाणूच्या कोळ्याला सांगावयास नको. प्रखर दिव्यांनीं मासळी गोळा करून ती उपसण्यावर केंद्र सरकारनें २०१७ सालीं बंदी घातली. समुद्रांतल्या माशाला निदान दूर जाण्यास वाव असतो. तळ्यांतल्याला तोही नाहीं. रात्रभर उजेड राहिला तर त्याचा विसावा मोडतो, शेवाळ फोफावतें, आणि वाडीभरचे पतंग दिव्याभोंवतीं घिरट्या घालून मरतात. निळसर पांढऱ्या प्रकाशापेक्षां पिवळसर प्रकाशावर किडे कमी येतात, म्हणून तोच निवडावा. तळ्याचा एक कोपरा कमळाच्या पानांखालीं काळोखांत राखावा. पुळणीवरून दिवा दिसत असेल तर त्याला आडोसा करावा, कारण अंड्यांतून निघालेलीं कासवाचीं पिलें उजेडाला समुद्र समजून जमिनीकडे सरकतात. आणि कळीला घड्याळ जोडून दहाच्या सुमारास दिवे आपोआप मालवतील अशी व्यवस्था करावी; ती फारशी खर्चाचीही नाहीं.